उजव्या पानावरचं वाक्य

३ फेब्रुवारी, सोमवार

नारळ हातात धरूनच मी दाराच्या भिंगातून पाहिलं. तो जिना उतरत होता. घाई नव्हती. वळणावर थांबून त्याने आमच्या दाराकडे पाहिलं, मग खाली गेला. मोटारसायकल सुरू झाल्यावर मी कडी घातली.

बसवेश नाव सांगितलं त्याने. "महाराजांनी प्रसाद पाठवलाय. फौजदारसाहेबांच्या भैणीला." पत्ता कुणी दिला विचारलं, तर हसला. "जुळे सोलापूर काय लांब हाय का बाई? इचारलं की कुणीबी सांगतं."

अप्पांनी, माझ्या वडिलांनी, नारळ घेतला, ओट्याच्या कडेवर आपटला, दोन भकलं केली. "चांगला निघाला की." चटणी वाटली. मी खाल्ली नाही. खवट वास येतोय म्हटलं. अप्पांनी हुंगून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वास नारळाला नाही येत," म्हणाले आणि भाकरी घेतली.

सुमितला फोन केला. माझा भाऊ अक्कलकोटच्या पलीकडच्या एका ठाण्यात फौजदार आहे. महिन्यापूर्वी त्याच्या हद्दीतल्या एका महाराजावर जादूटोण्याच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मायाक्का नावाच्या बाईची मुलगी, रुक्मी, तिला झटके येत. महाराजाने दरबारात तिला मिरचीची धुरी दिली. एक डोळा गेला. तक्रार मायाक्काची. तपास मोठ्या साहेबांकडे, धावपळ सुमितकडे.

"नारळच आहे ना? बॉम्ब नाही ना?" म्हणाला. मग आवाज बदलला. "दार उघडत जाऊ नकोस, ताई."

संध्याकाळी कपाटाच्या वरच्या खणातून 'सावली ठाणे'चा पहिला भाग काढला. नऊ भाग आहेत. शाळेत असताना मी आणि सुमितने वाचनालयातून आळीपाळीने आणून वाचले होते. पगार सुरू झाल्यावर मी जुन्या बाजारातून सगळा संच घेतला आणि परत उघडला नाही. बाजारपेठेमागच्या एका पोलीस ठाण्याची गोष्ट. तिथे भुताखेतांच्या, करणीच्या, हरवलेल्या सावल्यांच्या तक्रारी नोंदवतात. फौजदार हरणे मंत्र जाणतो. मंत्र वापरला की त्याची एक आठवण जाते.

सुमित पोलिसात गेला तो या पुस्तकांमुळे, असं मी गमतीने सांगत असते. आज गंमत वाटली नाही.

५ फेब्रुवारी

पहिला भाग संपला. भाषा आठवत होती त्यापेक्षा बरी आहे. विशेषणं फार नाहीत. लहानपणी मंत्र आले की मी भरभर वाचायची. आता मंत्र कंटाळवाणे वाटतात आणि ठाण्यातल्या नोंदी आवडतात. "विहिरीजवळ कोणी दिसले नाही. आवाज होता. परत आलो."

साक्षीदार या पुस्तकांत कधी घाबरत नाहीत. येतात, बोलतात, जातात. बाई असली तर तिला नावही नसतं.

६ फेब्रुवारी

दुसऱ्या भागात नियमांचं प्रकरण आहे. तेव्हा वगळायचो. सावली पकडायची तर दोन पंच हवेत, त्यातला एक जिवंत. तांब्याची बेडी सूर्यास्तानंतर घालू नये. मंत्राने काढलेला जबाब ग्राह्य नाही.

सुमितला फोनवर शेवटचा नियम वाचून दाखवला. तो हसला. "बरोबर आहे. आमच्याकडं पण असंच. हरणेला निदान जीप होती, ताई. मला साहेबांची ढकलावी लागते."

अप्पा टीव्हीसमोरून म्हणाले, "मंत्र येतो तर पगार कशाचा घेतो तो फौजदार?" अप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. विहारात दर पौर्णिमेला बावीस प्रतिज्ञा सगळे त्यांच्या मागून म्हणतात. ही पुस्तकं घरात आली तेव्हाही ते एवढंच विचारायचे.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी बारापासून सुमितचा फोन लागत नव्हता. गावात रेंज नसते, मला माहीत आहे. तिसरा भाग हातात होता. वाचवत नव्हतं. मधूनच कुठेतरी उघडला. उजव्या पानावर वरच लिहिलं होतं: "जीप दिवेलागणीला परत आली."

सहा वाजता त्याचा फोन आला. पंचनाम्याला गेला होता.

१० फेब्रुवारी

सकाळी पुन्हा उघडलं. "हरणेने चहा मागवला आणि खुर्ची उन्हात घेतली." चांगलं वाक्य आहे. कॉलेजला गेले तेव्हा डोकं हलकं होतं.

मी यात काही शोधत नाही. पुस्तक कुठेही उघडलं तरी समोर काहीतरी येतंच.

११ फेब्रुवारी

बारावीचे पेपर सुरू झाले. पर्यवेक्षणाला जाताना फोन कार्यालयात जमा करायचा. तीन तास सुमितची काही खबर नाही. म्हणून निघण्याआधी उघडून घेतलं. डोळे मिटून, डाव्या अंगठ्याने, उजवं पान, पहिलं पूर्ण वाक्य. अर्धवट आलेलं वाक्य धरायचं नाही, कारण ते आधीच्या पानाचं असतं.

आलं ते: "त्या रात्री ठाण्यात कोणीच जेवले नाही."

याचा काही अर्थ नाही हे मला कळतं. तरी एका मुलाला मी उत्तरपत्रिकेऐवजी पुरवणी दिली. तोच म्हणाला, "मॅडम, ही नंतर ना?"

आल्यावर सुमितला विचारलं, रात्री जेवलास का. "दोन वडापाव," म्हणाला. मग मी पुस्तक बंद केलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सुमितविरुद्ध वरिष्ठांकडे अर्ज गेलाय. गावातल्या चाळीस जणांच्या सह्या. म्हणे फौजदाराने मायाक्काला दमदाटी करून तक्रार लिहून घेतली, धर्मद्वेषातून.

"धर्मद्वेष," अप्पा म्हणाले. शब्द तोंडात फिरवून पाहिला त्यांनी, खडा लागल्यासारखा.

सुमितने फोनवर समजावून सांगितलं. आता सगळं मायाक्काच्या मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबावर आहे. तिथे पोलीस नसतात. ती, मॅजिस्ट्रेट आणि टंकलेखक. "तिनं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या मनानं सांगितलं, एवढं कागदावर आलं की झालं. अर्ज गेला कचऱ्यात."

"आणि फिरली तर?"

"तर तो सुटतो. मी निलंबित. आणि त्याच्या गावावरनंच मी मोटारसायकलवर घरी येतो."

तो हसायला हवा होता. हसला नाही.

चौथा भाग आज संपवला. शेवटचं प्रकरण सोडलं. सध्या शेवटची प्रकरणं वाचत नाही.

१५ फेब्रुवारी

पाचवा भाग. यात हरणेच्या बायकोचा आवाज त्याच्या आठवणीतून जातो. ती बोलत असते आणि त्याला दर वेळी ती कोणी नवीन बाई वाटते. किती कमी शब्दांत लिहिलंय. अकरावीला शिकवावं असं आहे, पण शिकवता येणार नाही. वर्गात म्हणतील, मॅडम भुताचं शिकवतायत.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुमित जेवायला आला. तास-दीड तास होता. अप्पांनी मटण आणलं होतं. खांदे उतरलेत त्याचे.

जेवण झाल्यावर कपाटापाशी उभा राहिला. "सहावा कुठाय?"

सहावा भाग मी खणात मागे ठेवलाय, पाठ आत, पानं बाहेर. सहाव्यात हरणे मरतो. विहिरीत. ते मी वाचणार नाही. पाचव्यानंतर सरळ सातवा घेणार आहे; सातव्यात नवा फौजदार आहे आणि तो मला पहिल्यापासून आवडत नाही.

"वर्गातल्या एका मुलाने नेलाय," मी म्हटलं.

"तुझी पोरं हे वाचतात? शहाणी आहेत की." पाचव्याची पानं चाळली. "हरणे कसा मेला गं? मला नीट आठवत नाही."

"मलाही नाही."

"पण मेला."

"जेवून लगेच वाचू नये," मी म्हटलं. हे कुठून तोंडात आलं कोण जाणे. अप्पा हसले.

मग त्याने कामाचं सांगितलं. शुक्रवारी सकाळी जबाब, इथल्या कोर्टात. अक्कलकोटला महाराजाची माणसं बसून असतात. गुरुवारी मायाक्काला एक दिवस आपल्याकडे ठेवायचं. रुक्मी इथेच दवाखान्यात आहे, तिथे बसवेश फिरतोय. लॉजवर बाईमाणसाला एकटीला कसं ठेवायचं.

"हे नियमात बसतं का?" अप्पांनी विचारलं.

"नाही बसत," सुमित म्हणाला. "म्हणून कुठं बोलू नका. आणि ताई, तिला केसचं काही सांगू नकोस. धीर देऊ नकोस. काहीच करू नकोस. भाजीभाकरी दे फक्त."

१८ फेब्रुवारी

सातवा भाग उघडला तीनदा. तिन्ही वाक्यं वाईट. चौथ्यांदा चांगलं आलं: "दारात कोणीतरी दिवा ठेवून गेले होते." तिथे थांबले.

अप्पांनी सहावा भाग पाहिला असावा. "ह्याला भिंतीकडं तोंड करून का उभा केलाय? शिक्षा केली का?" मी म्हटलं, पाठ फाटली आहे. त्यांनी काढून पाहिला, परत तसाच ठेवला. पाठ फाटलेली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मायाक्का चारला आली. साध्या वेषातली एक पोलीस बाई रिक्षातून सोडून गेली. पन्नाशीची असेल. उंच, हाडं मोठी. हातात कापडी पिशवी. दारातच म्हणाली, "लई वर राहता की बाई. पाणी चढतं का हितं?"

चहा घेतला. भिंतीवरचे बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो पाहिले. अप्पांना म्हणाली, "फौजदार तुमच्यावर गेलेत. कान तसंच." अप्पा खूश झाले.

मी तिच्याकडे लक्ष ठेवून होते. ती घाबरलेली आहे हे मला लगेच कळलं. कारण ती एका जागी बसत नव्हती. पिशवीतून हिरवी साडी काढली, इस्त्री मागितली. साडीला नीट काठापासून इस्त्री केली. मग मॅजिस्ट्रेट म्हातारे आहेत की तरणे ते विचारलं. मग जेऊरची गाडी कितीला असते ते विचारलं.

"जेऊरला कोण?"

"भाऊ हाय. रुक्मीला सोडत्यात उद्या. तिला घिऊन जाते तिकडं."

"उद्याच?"

"कोर्टातलं झालं की. हिकडं आता काय राह्यलंय?"

थोड्या वेळाने गाडीची वेळ पुन्हा विचारली. मी ओट्यापाशी उभी होते, हातातली भेंडी तशीच राहिली. ती कोर्टात जाणार नाही. सकाळी उठून स्टेशन गाठेल. हे इतकं स्पष्ट दिसत होतं की सुमितला फोन करावासा वाटला. पण तो म्हणाला होता, काही करू नकोस.

भाजी चिरताना ती आपणहून बोलू लागली. आवाज चढला नाही, उतरला नाही.

"धरली म्या हुती तिला. हात म्या धरलं. महाराज म्हनलं, आई, तू धर, म्हंजे भूत पळत न्हाय. म्या धरलं. ती वराडत हुती अव्वा, अव्वा, मलाच. म्या म्हनलं, भूतच वराडतंय." भेंडीचे देठ बाजूला सारले. "ह्ये सगळं सांगायचं उद्या. माझं बी."

बाई स्वतःवरचं मॅजिस्ट्रेटसमोर सांगणार कशी? म्हणूनच ती पळेल, असं मला वाटलं.

सहाला अप्पा विहारात गेले. दिवे लावले. सुमितचा फोन दुपारपासून आला नव्हता. मायाक्का न्हाणीघरात होती, म्हणून मी आठवा भाग घेऊन खुर्चीत बसले, डोळे मिटले, अंगठा घातला.

"कौल लावता व्हय?"

ती दारात उभी होती, तोंड पुसत.

"नाही. वाचतेय."

"डोळं मिटून?" ती जवळ येऊन खाली बसली. चेहरा बदलला होता. आल्यापासून पहिल्यांदा ती पाहुणी वाटेनाशी झाली. "आमच्या आईच्या देवळात गुरव फुलं लावायचा. उजवं पडलं की हूं, डावं पडलं की न्हाय. तुमचं पुस्तकात व्हय? शिकल्याल्या मान्सांचं पुस्तकातच असणार की."

मी सांगितलं, हे गोष्टीचं पुस्तक आहे. भुतं पकडणाऱ्या पोलिसांचं. ती बराच वेळ हसली. "भूतं धरत्यात? कोठडीत टाकत्यात का? आन् भाकरी देत्यात?" मग पदराने डोळे टिपले. "महाराजाला धरलं, त्येच लई झालं."

पुस्तकाकडे बोट करून म्हणाली, "माझं बी इचारा की. उद्याचं."

"याला काही अर्थ नसतो, मायाक्का."

"भावासाठी इचारता ना?"

मी कधी बोलले नव्हते तिच्याशी सुमितबद्दल. तिने आठवा भाग माझ्या हातातून घेतला, बाजूला ठेवला आणि कपाटाकडे गेली. "ह्ये एक तोंड फिरवून बसलंय. ह्येच काढू. रुसलंय, म्हंजे खरं बोलंल."

सहावा भाग तिने माझ्या मांडीवर ठेवला.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर तिला तो डावा कौल वाटला असता. मी डोळे मिटले. डावा अंगठा. उजवं पान. पहिलं पूर्ण वाक्य असं होतं:

"साक्षीदार विहिरीच्या काठापर्यंत आला आणि मागे फिरला."

मी वाचलं, "साक्षीदार विहिरीच्या काठापर्यंत आला आणि बोलला."

"उजव्या पानाला हाय का डाव्या?"

"उजव्या."

तिने पुस्तकाला हात लावला, हात कपाळाला नेला. "बरं झालं," म्हणाली. "आता भात टाका. भूक लागली."

अप्पा आले तेव्हा ती पाट्यावर ठेचा वाटत होती आणि त्यांना भूत-पोलिसांची गोष्ट सांगत होती, मी सांगितली त्याहून चांगली. कौलाचं काही बोलली नाही. अप्पा तिला म्हणाले, "मुलगी माझी शिकलेली आहे, पण पुस्तकं अशी वाचते बघा." ती माझ्याकडे पाहून हसली. आमचं दोघींचं गुपित असल्यासारखी.

आता ती झोपली आहे. साडी खुर्चीवर घडी करून ठेवली आहे.

सहावा भाग उघडाच होता म्हणून शेवट वाचला. इतकी वर्षं मला वाटत होतं की विहिरीचं मोठं प्रकरण आहे. अंधार, पाणी, हरणेचा हात. तसं काही नाही. हरणे मरतो ते दोन ओळींत. "हरणे वर आला नाही. सकाळी नोंद झाली." बाकी सगळं मीच भरलेलं होतं.

मी आज एक वाक्य बदललं. सगळं नाही, क्रियापद फक्त. त्याने एका बाईला धीर आला. सुमित वाचला. यात चूक काय झाली ते मला शोधूनही सापडत नाही. बऱ्याच दिवसांनी छातीतलं दडपण गेलंय. पुस्तक सरळ ठेवलं, पाठ बाहेर.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मायाक्का माझ्याआधी उठली होती. हिरवी साडी नेसून बसली होती. पोलीस बाईबरोबर ती गेली, मी मागून रिक्षाने गेले. सुमित कोर्टाच्या आवाराबाहेर चहाच्या टपरीशी उभा होता, आत येऊ शकत नव्हता. अर्ध्या पाऊण तासाने ती बाहेर आली. चालणं सैल झालं होतं.

"सांगितलं सगळं," म्हणाली. "हात धरल्यालं बी."

सुमितने डोळे मिटून श्वास सोडला.

"पयलं त्यांनी इचारलं, कुणाच्या सांगण्यावरनं आलीस का, कुणी लालूच दाखवली का. म्या म्हनलं, न्हाय साहेब, माझ्या मनानं. मन आदीच झालं हुतं. काल फौजदारांच्या भैणीकडं उतरले, तितं त्यांनी पुस्तकात कौल लावला, उजवा आला, त्यामुळं आनखी बरं वाटलं. साहेब लई थांबले. मग टायपिंगवाल्याला म्हनले, घे. तुमचं नाव इचारलं बाई. म्या पुरं सांगितलं, अप्पांचं बी."

मन आधीच झालं होतं, हे लिहून घेतलं का, असं सुमितने विचारलं. ते तिला माहीत नव्हतं.

ती रुक्मीला आणायला दवाखान्यात गेली. दुपारच्या गाडीने दोघी जेऊरला जाणार होत्या. सुमितने चहाचा ग्लास टपरीवर ठेवला आणि कुठलं पुस्तक, एवढंच विचारलं.

सहावा भाग, मी सांगितलं.

"तो तर वर्गातल्या मुलानं नेला होता ना," तो म्हणाला.